घरच्या विहिरीचं पाणी टाकीत आणून घेतलं, त्या सगळ्या फिटिंगचा रिव्ह्यू (कुडाळ, सिंधुदुर्ग)

कुडाळच्या बाजारात पंप-पायपांचं एक छोटं दुकान आहे, त्यांचेच फिटर घरी येऊन काम करून देतात. आमच्या परसातल्या विहिरीत मोटर सोडणं, तिथून घरापर्यंत पाईप, वायरिंग, पॅनल आणि गच्चीवरच्या टाकीची जोडणी, हे सगळं त्यांनीच केलं. एक पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा त्या पाण्यावर काढून मग लिहितेय, कारण नवी मोटर पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच छान चालते, तेव्हा लिहून काय उपयोग. माझ्याकडून ५ पैकी ४.५. अर्धा का कापला ते पुढे येईल, पण ज्यांच्या घरी विहीर आहे आणि हे काम करून घ्यायचा विचार चाललाय त्यांनी जरा सविस्तर वाचा, फिटर कुठलाही घ्या पण यातल्या काही गोष्टी त्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी आमची परिस्थिती सांगते. विहीर आजेसासऱ्यांनी खणलेली, चिऱ्यांनी बांधलेली, साधारण १० फूट व्यास, कठड्यापासून तळापर्यंत ३६ फूट. घरापेक्षा ८ फूट खाली उतारावर आहे, माडांच्या पलीकडे. नळ पण आहे घरात, जलजीवन मिशनमधे मिळालेला, त्या योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेले असतात, पण गावाच्या योजनेची विहीर पण याच जांभ्यात आहे ना, उन्हाळा चढला की तिचंही पाणी खाली जातं आणि मग नळ एक दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. बाकीचं सगळं पाणी सासूबाई आणि मी दोराने काढायचो. सासूबाईंचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी सांगून झालं, आम्ही सांगून झालं, तरी पहाटे उठून दोन कळश्या काढून ठेवणारच, आणि पावसात त्या शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर उभ्या राहून दोर ओढताना त्यांना बघितलं की माझा जीव वरखाली व्हायचा. मुख्य त्यांच्यासाठी हे काम काढलं.

आता कोकणातल्या विहिरीची खरी अडचण काय असते, तर आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, पण जांभा दगड सच्छिद्र, पाणी जितक्या पटकन मुरतं तितक्याच पटकन उतारावरच्या झऱ्यांतून निघून पण जातं. ऑगस्टमधे आमच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून पाच-सहा फुटांवर असतं, वाकून तांब्या बुडवावासा वाटतो, आणि तीच विहीर मे मधे तळाला चार-साडेचार फूट पाणी राखून असते म्हणजे जमिनीपासून ३० फूट खाली. एवढा फरक. मोटरीचा सगळा निर्णय या फरकावर ठरतो आणि बरेच जण तो विचारतच नाहीत.

आम्ही आधी दोन ठिकाणी विचारलं होतं (नावं घेत नाही). एकाने फोनवरच सांगितलं, दीड एचपी घ्या, काही बघायची गरज नाही. दुसरा येऊन बघून गेला, त्याने पडवीत बसवायचा मोनोब्लॉक पंप सुचवला, स्वस्त पडेल, हाताशी राहील, दुरुस्तीला सोपा. ऐकायला बरं वाटतं. पण जमिनीवर बसवलेला पंप पाणी खेचतो म्हणजे खरं तर हवेचा दाब ते पाणी पायपातून वर ढकलत असतो, आणि हवेच्या दाबाची ताकद कितीही चांगला पंप आणलात तरी समुद्रसपाटीला जेमतेम १० मीटर पाण्याइतकीच. ती कागदावरची झाली, प्रत्यक्षात घर्षण, फूटव्हॉल्व (पायपाच्या खालच्या टोकाची झडप), जरासा हवा घेणारा जॉइंट धरून ७ मीटर म्हणजे बावीस-तेवीस फुटांच्या पुढे भरवसा नाही. आमचं मे मधलं पाणी ३० फुटांवर, वर पडवी आणखी ८ फूट चढावर. म्हणजे तो पंप पाऊसभर मस्त चालला असता आणि नेमका एप्रिल-मे मधे, जेव्हा पाणी हवं तेव्हा, एअर धरून नुसता घुंं घुंं करत बसला असता. एचपी वाढवून हे सुटत नाही, हे लक्षात ठेवा, दीडच्या जागी तीन एचपी लावला तरी खेचायची मर्यादा तीच.

मग या दुकानातले फिटर आले, जानेवारीत. मोटरीचं नाव पण काढलं नाही. विहिरीत डोकावले आणि मला म्हणाले, "वयनी, आधी माका मे म्हयन्याचा पाणी दाखवा, मगे मोटरीचा बोलू." आता जानेवारीत मे चं पाणी कसं दाखवणार? तर सासूबाई पुढे झाल्या, कठड्याला टेकून त्यांनी खाली बोट दाखवलं, म्हणाल्या खालून सातवा थर चिऱ्यांचा उघडा पडला की समजायचं यंदा पाणी कमी, एरवी आठव्या-नवव्या थरावर पाणी थांबतं. इतकी वर्षं पाणी काढून त्यांना एकेक थर पाठ आहे. फिटरनी टेपला वजन बांधून खोली घेतली, वरून उघडे थर मोजले, एका थराची उंची घेतली आणि खिशातल्या वहीत लिहून काढलं. त्यांनी सासूबाईंचं म्हणणं जसंच्या तसं धरलं याचं मला फार कौतुक वाटलं, नाहीतर बायकांनी काही सांगितलं की ‘हो हो’ म्हणून पुढे जाणारेच जास्त भेटतात.

हिशोब असा झाला. मे चं पाणी जमिनीखाली ३०, विहीर ते घर चढ ८, टाकीचं तोंड अंगणापासून २२, असे ६० फूट सरळ उंची, म्हणजे १८ मीटर. त्यात पायपाचं घर्षण आणि बेंड धरून २२ मीटर. मोटरीच्या खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात जो हेड (पाणी किती उंच चढवते ते) लिहिलेला असतो तो कमाल हेड, त्या उंचीला पाणी पोचतं पण पडत काहीच नाही, म्हणून बघायचं ते आतल्या तक्त्यात, २२ मीटरला मिनिटाला किती लिटर देते ते. हे दुकानदाराने मला काउंटरवर तक्ता उघडून दाखवलं. १ एचपीची ओपनवेल सबमर्सिबल, सिंगल फेज, बास झाली. ही आडवी असते, पूर्ण पाण्यात बुडून राहते, त्यामुळे खेचायचा प्रश्नच नाही, ढकलायचंच काम, आणि सुरू करताना पाणी भरत बसायला नको. पूर्वी आमच्या वाडीत लोक साधा पंप विहिरीच्या आतल्या टप्प्यावर नेऊन बसवायचे आणि जूनच्या अखेरीस पाणी चढलं की धावपळ करून वर काढायचे, एखाद्या रात्री जोराचा पाऊस झाला की पंप बुडाला. ती कटकट यात नाही.

पाईप एचडीपीई (प्लास्टिकचा) घेतला, ४० मिमी म्हणजे सव्वा इंची. मी विचारलं एक इंची चालणार नाही का, कारण तो स्वस्त आणि हलका. तर नाही, तेवढंच पाणी एक इंचीतून न्यायचं तर घर्षण जवळजवळ तिप्पट होतं आणि मोटरीची निम्मी मेहनत पायपातच जाते. जीआय तर त्यांनी घेऊच दिला नाही, आमच्याकडचं जांभ्यातलं पाणी जरा आंबट अंगाचं असतं, लोखंडी पाईप आतून खातं आणि मग नळाला गंजाचं पाणी येतं. पितळी नळांना हिरवट डाग पडतात ते पण त्याचमुळे, आमच्या जुन्या न्हाणीघरात ते डाग मी वर्षानुवर्षं चिंच लावून घासत आलेय. पाईप उघड्यावर ठेवला नाही, दीड फूट चर खणून पुरला, वाटेत गुरं येतात म्हणून.

बसवायचं काम मात्र त्यांनी मे वर ढकललं. जानेवारीत मोजून गेले आणि म्हणाले, तळ दिसेल तेव्हाच येतो. मला तेव्हा वाटलं टाळताहेत, पण बरोबर होतं ते. मे मधे आले तेव्हा आधी दुसऱ्या पंपाने पाणी उपसलं, गाळ काढला (केवढा तो गाळ, त्यात एक तांब्याची कळशी निघाली, सासूबाईंच्या लग्नातली, काळीठिक्कर झालेली). माणूस खाली उतरायच्या आधी त्यांनी दोराला कंदील बांधून सावकाश तळापर्यंत सोडला आणि बराच वेळ तसाच ठेवला, ज्योत नीट जळते का बघायला, आणि त्याआधी कळशीने पाणी वरून ओतून हवा ढवळून घेतली. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघं धरून. खोल विहिरीत खाली ऑक्सिजन कमी असतो, गाळातून वायू सुटतो, दरवर्षी पेपरात बातम्या येतात, एक माणूस बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरला आणि तोही गेला. कंदिलाने सगळेच वायू कळत नाहीत, म्हणून जरा जरी गरगरल्यासारखं झालं तरी लगेच दोर हलवायचा असं ठरवलेलं होतं. कुठला फिटर हे न करता पोराला तसंच खाली उतरवत असेल तर काम थांबवा, मोटर राहू दे.

तळाला त्यांनी चार चिरे मांडून पक्का ओटा केला आणि मोटर त्यावर ठेवली. तळालाच ठेवली असती तर गाळ ओढत बसली असती. मोटरीला नायलॉनचा जाड दोर बांधून वर कठड्याच्या हुकाला अडकवलाय, उद्या काढायची झाली तर दोरानेच काढायची, केबलला धरून कधीच नाही. पाईप विहिरीतून वर येतो तिथे युनियन (पाईप खोलता येतो असा जोड) आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे मोटर बंद केली की चढलेलं पाणी परत खाली येत नाही आणि दुरुस्तीला पाईप कापायला लागत नाही.

वायरिंगमधे मी फार खोलात जात नाही, पण दोन गोष्टी. घरापासून मोटरीपर्यंत साधारण ६० मीटर केबल लागली, ती २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची घेतली, दीडची चालली असती पण १ एचपी मोटर सात अँपियर घेते आणि एवढ्या लांबीत दीडच्या केबलमधे दहा एक व्होल्ट वाटेतच जातात, अडीचमधे सहा. आमच्याकडे मे च्या संध्याकाळी पॅनलवर १८५ व्होल्ट दिसतात, तिथे ते चार व्होल्ट पण मोलाचे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, पाण्यात बुडालेली वीज आहे ही. स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच), हे दोन्ही त्यांनी न सांगता बसवलं. त्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा मी दाबून बघते, खट्‌कन पडला पाहिजे. विहिरीवर भांडी घासायला बायका बसतात, पोरं कठड्यावर हात टेकतात, इथे हजार-दोन हजार वाचवायचे नसतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी या माणसाला पाच काय सहा स्टार दिले असते ती सांगते. आमच्या नळाची लाईन आधीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेलेली आहे, सकाळी प्रेशर असलं की पाणी वर चढतं, आणि त्याच लाईनवर खाली स्वयंपाकघरात एक नळ आहे. आधी जो बघून गेला होता त्याचा प्लॅन असा होता की विहिरीचा पाईप घराशी आणायचा आणि नळाच्या त्याच उभ्या लाईनला टी मारून जोडून टाकायचा, पाईप वाचतो, भिंत फोडायला नको, अर्ध्या दिवसाचं काम. वाडीत दोन-तीन घरी असंच केलेलं मी बघितलंय. मी हेच यांना सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "नाय वयनी, ती लाईन नळाक जोडूची नाय. जोडलात तर तुमच्या बावडीचा पाणी गावाच्या पायपात जातला." आणि मग पायरीवर बसून त्यांनी शांतपणे समजावलं.

नळाला पाणी दिवसाचा तासभर येतं. बाकीचा वेळ ती लाईन रिकामी. तेव्हा आपण मोटर लावली तर मोटरीच्या दाबाने पाणी टाकीत चढण्याऐवजी सोप्या वाटेने मागे रस्त्यावरच्या रिकाम्या पायपात जाणार. आपली वीज, आपलं पाणी, आणि ते बिनक्लोरीनचं पाणी उद्या सकाळी सगळ्या वाडीच्या नळाला. आमच्या विहिरीत बेडूक पडला, कुणाच्या संडासाची टाकी जवळ आहे, तर ते सगळ्यांच्या पोटात. मी म्हटलं मधे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकला तर? तर तो व्हॉल्व्ह म्हणजे एक झडप, तिच्यात वाळूचा एक कण अडकला की ती उघडी राहते आणि आपल्याला कळत पण नाही. कॉक बसवून हाताने बंद-चालू करायचा म्हटलं तर एक दिवस कुणीतरी विसरणारच. राष्ट्रीय इमारत संहितेत पण सार्वजनिक नळाची लाईन आणि खाजगी पाण्याची लाईन अशी थेट जोडायला मनाई आहे, मी नंतर वाचलं.

त्यांनी काय केलं, तर विहिरीचा पाईप पूर्ण वेगळा, बाहेरच्या भिंतीवरून स्वतंत्र गच्चीवर नेला आणि टाकीत वरून सोडला. नळाचा पाईप दुसऱ्या बाजूने, तोही वरून. दोन्हींची तोंडं ओव्हरफ्लोच्या पायपाच्याही वर, पाण्याला कधीच टेकणार नाहीत अशी, मधे मोकळी हवा. ती हवा पायपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी हवी, आमच्या सव्वा इंचीला अडीच-तीन इंच सोडलीय. बस, एवढंच. यात बिघडण्यासारखं काही नाही, झडप नाही, स्प्रिंग नाही, आणि गावची लाईन टाकीतलं पाणी कधी उलटं ओढून घेऊ शकत नाही. स्वयंपाकघरातला नळ नळाच्याच लाईनवर राहिला, तिथे विहिरीचं पाणी येत नाही. यासाठी तीस-पस्तीस फूट पाईप जास्त लागला आणि दोन भिंतींना भोकं पाडावी लागली, ते पैसे मी आनंदाने दिले. दुकानाला यात जास्त विक्री मिळाली म्हणून त्यांनी सांगितलं असं कुणी म्हणेल, पण टाकीच्या स्टँडला आणि पॅनलच्या जागेला त्यांनी आमचा खर्च वाचवलाच, म्हणून तसं मला वाटत नाही.

पाण्याबद्दल. पंप बसला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, उलट आधी कळशीत रंग-वास दिसायचा, आता डोळ्याआड टाकीत जातं. फिटरनीच सांगितलं की जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. बाटली त्यांच्याकडचीच निर्जंतुक केलेली घ्यायची, थंड ठेवायची आणि चोवीस तासांच्या आत पोचवायची, कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलेलं जंतूंसाठी चालत नाही. आमचं पाणी मऊ निघालं, क्षार अगदी कमी, साबणाला फेस भरपूर येतो तो त्यामुळेच, पीएच मात्र साडेसहाच्या खाली, म्हणजे मानकात जी ६.५ ते ८.५ ची हद्द आहे तिच्या बाहेर, आंबटपणा म्हणतात तो हा. उन्हाळ्यात जंतूंचा रिपोर्ट ठीक आला, पण पहिल्या पावसानंतर पाणी तांबूस झालं तेव्हा परत दिलं तर ई-कोलाय सापडले. मानक असं आहे की १०० मिली पाण्यात एकही सापडता नये. मग विहिरीभोवती सिमेंटचा ओटा करून घेतला, बाहेरचं पाणी कठड्याच्या बुडातून आत जात होतं ते थांबलं, वर जाळी टाकली, आणि आता टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नेमाने.

टीसीएलचं प्रमाण आम्हाला गावच्या जलसुरक्षकाने शिकवलं, ते सांगते कारण मूठभर टाकायची पद्धत बऱ्याच घरी असते. हजार लिटरला अडीच ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. विहिरीतलं पाणी किती ते काढायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमधे, त्याला ०.७८५ ने गुणायचं आणि मग हजाराने, आले लिटर. आमची विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ३ मीटर असेल तर एकवीस हजार लिटर, पावडर पन्नास-पंचावन्न ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, फक्त वरची निवळी विहिरीत सोडायची, कळशी खालीवर करून ढवळायचं आणि निदान एक तास मोटर लावायची नाही. आम्ही रात्री टाकतो, सकाळी भरतो. जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं किट असतं, दोन थेंबांत पिवळा रंग आला की क्लोरीन उरलाय हे कळतं. प्यायला तरी आम्ही पावसाचे चार महिने पाणी उकळूनच घेतो, सासूबाईंना क्लोरीनचा वास आवडत नाही, उकळून माठात ठेवलं की वास जातो आणि त्यांची तक्रार पण.

चालवण्याचा अनुभव. हजार लिटरची टाकी पंधरा मिनिटांत भरते, पाऊस असो की मे, दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. वीज साधारण पाव युनिट लागते एका टाकीला, बिलात जाणवत पण नाही. या उन्हाळ्यात मे च्या तिसऱ्या आठवड्यात पाणी सासूबाईंच्या सातव्या थरापर्यंत गेलं, तेव्हा मोटर मधेच बंद पडायला लागली. घाबरून फोन केला तर म्हणाले बिघाड नाही, पॅनलमधलं ड्राय रन काम करतंय, पाणी मोटरीच्या तोंडाखाली गेलं की करंट कमी होतो आणि ते मोटर तोडतं, नाहीतर कोरडी फिरून जळली असती. मग आम्ही एकदम टाकी भरण्याऐवजी सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी भरायला लागलो, मधल्या वेळात झरे विहीर भरतात. पाऊस लागेपर्यंत एकदाही टँकर मागवायला लागला नाही, शेजारच्या दोन घरांना पण आम्ही रोज थोडं पाणी दिलं.

आता अर्धा स्टार. एक, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस हे लोक फोन उचलत नाहीत, सगळे चाकरमानी येणार म्हणून प्रत्येकाला तेव्हाच मोटर नीट करून हवी असते, समजू शकते, पण ‘चार दिवसांनी येतो’ एवढं तरी सांगावं. आमचा टाकीतला फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर बंद करणारा) नेमका तेव्हाच नळाच्या बॉलकॉकच्या दांडीत अडकला आणि टाकी भरली तरी मोटर बंद होईना, रात्री ओव्हरफ्लोचं पाणी शेजारच्यांच्या पडवीत. शेवटी मुलगा गच्चीवर चढून हाताने सोडवत होता. नंतर ते आले, फ्लोट दुसऱ्या बाजूला घेतला, पैसे घेतले नाहीत, पण टाकीत दोन पाईप सोडताना हे आधीच लक्षात यायला हवं होतं, बाकी एवढा विचार केला तर. दोन, बिल मागावं लागतं. मोटरीच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख नसेल तर पुढे कंपनीचं सर्व्हिस सेंटर दारात उभं करत नाही, तेव्हा सामान घेतानाच शिक्का मारून घ्या आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. तीन, पाईप पुरलाय कुठून कुठे याचं काही चित्र त्यांनी दिलं नाही, मीच चर उघडी असताना फोटो काढले म्हणून बरं, या वर्षी सुपारीची रोपं लावताना कामाला आले.

खर्च विचारणारे खूप जण आहेत म्हणून सांगते. मोटर, पॅनल, केबल, पाईप, फिटिंग, मजुरी आणि गाळ काढणं धरून चाळीस हजारांच्या जरा आत झालं, ओटा आणि जाळी वेगळी. स्वस्त नाही. आधीच्या टी जॉइंटवाल्याचा आकडा यापेक्षा बराच कमी होता हे पण खरं. सासूबाईंना पहिले काही दिवस पटत नव्हतं, नळाचं पाणी ते नळाचंच म्हणायच्या, अजूनही देवासाठी एक तांब्या त्या विहिरीवरूनच काढून आणतात, पण आता ओटा कोरडा असतो आणि दोराला फक्त छोटा पोहरा बांधलेला असतो, तेवढं चालतं.

यांना बोलवणार असाल तर एप्रिल संपता संपता बोलवा, पाऊस लागल्यावर ते विहिरीत माणूस उतरवत नाहीत. आणि घरातल्या ज्या व्यक्तीने जास्त वर्षं पाणी काढलंय त्यांना त्या वेळी घरी ठेवा, टेपपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त होतो. संडासाची टाकी विहिरीपासून ५० फुटांच्या आत असेल तर तेही आधीच सांगा, आमच्याकडे त्यांनी ते अंतर पावलांनी चालून मोजलं आणि मगच पाईपचा ॲडव्हान्स घेतला.